एक जादा काटा

गेलं वर्षभर आमच्या घरात एक वाद चालू होता. तो राजकारणाचा नव्हता, क्रिकेटचा नव्हता आणि माझ्या मार्कांचा तर नव्हताच (तो वेगळा आणि कायमस्वरूपी आहे!). आजोबांच्या गाडीत एक जादा टेंपरेचर मीटर बसवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. ऐकायला फालतू वाटेल, पण या वादाने मला तीन वर्षांच्या सबमिशन्सपेक्षा जास्त शिकवलं, म्हणून हा लेखनप्रपंच. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना कँटीनला जायचं आहे ते जाऊ शकतील. जुन्या गाडीत आकडे दाखवणारा एक जादा काटा बसवलाच पाहिजे, आणि तो इंजिनिअरिंगच्या पोराने स्वतःच्या हाताने बसवला पाहिजे.

आता कारणं.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. आपल्या पिढीला पद्मिनी माहीत असते ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० ही गाडी तयार होऊ लागली, आणि पुढे तिचीच 'पद्मिनी' झाली. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबलं. टॅक्सी म्हणूनही तिची वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या दिवसांत पेपरात फोटो आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. आमच्याकडे मात्र ती अजून चालते. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, साधारण ४० अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. आजोबा गेले, गाडी राहिली. बाबा दर रविवारी तिला पुसतात. आम्हाला कधी असं पुसलेलं आठवत नाही.

गेल्या मे महिन्यात श्रीवर्धनहून पुण्याला परत येत होतो. बाबा गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे आई, आजी आणि आंब्याच्या दोन पेट्या. म्हसळा, माणगाव, निजामपूर, विळे इथपर्यंत सगळं झकास. मग ताम्हिणी घाट सुरू झाला. दुपारचे दोन वाजलेले, पुढे एक भरलेला टेंपो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. डॅशबोर्डवरचा तापमानाचा मूळ काटा कित्येक वर्षं थंडच्या बाजूला झोपून होता, त्याच्याकडे कुणी बघतच नसे. सगळ्यात आधी आजीला कळलं. "काहीतरी करपल्याचा वास येतोय रे," ती म्हणाली. आम्ही म्हटलं, पुढच्या टेंपोचा क्लच असेल. दोन वळणांनंतर बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. आणि बाबांनी, चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने, हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. आजीने आपल्याजवळचं पिण्याचं पाणी त्यावर ओतलं, एका भल्या जीपवाल्याने आम्हाला पौडपर्यंत आणलं, गाडी दुसऱ्या दिवशी टो करून आली. हेड गॅस्केट उडालं होतं. हेड वाकलं होतं, त्याचं फेसिंग करावं लागलं. बाबांचा हात बरा झाला, पण कातडीचा रंग अजून वेगळा दिसतो.

मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर हे : त्या वेळी गाडीत एक होऊ घातलेला मेकॅनिकल इंजिनिअर बसला होता. तो मी. झाकण उघडू नका, हे सांगायला मला तीन सेकंद मिळाले होते. मी बोललो नाही, कारण मला नीट माहीतच नव्हतं. म्हणजे परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे अकरावीच्या पोरालाही येतं. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते ती त्यासाठीच. आतला दाब हवेच्या दाबापेक्षा अर्धा बार जास्त राहिला तर पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो, आणि १०८ अंशांवरचं पाणी ९८ अंशांना उकळणाऱ्या पाण्याच्या परिस्थितीत येऊन पडतं. वरच्या १० अंशांची उष्णता कुठेतरी जायला हवी. नंतर घरी बसून गणित केलं. समजा ५ लिटर पाणी आहे. त्यातलं जेमतेम ९० ग्रॅम पाणी वाफ होतं. पण ९० ग्रॅम पाण्याची वाफ म्हणजे सुमारे १५० लिटर! रेडिएटरच्या तोंडातून एवढी वाफ एका क्षणात बाहेर येते आणि येताना उकळतं पाणी बरोबर घेऊन येते. स्टीम टेबल वापरून सोडवलेलं हे माझं पहिलं गणित, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नव्हतं.

आता मूळ मुद्दा. हे इंजिन पूर्ण जोरात ४० अश्वशक्ती देतं, म्हणजे साधारण ३० किलोवॉट. पेट्रोलमधल्या ऊर्जेचे ढोबळ तीन वाटे होतात. एक चाकाकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर, आणि एक थंड करणाऱ्या पाण्यात. म्हणजे पूर्ण जोरात पाण्यातही ३० किलोवॉटच्या आसपास उष्णता येते. बाथरूममधला गिझर २ किलोवॉटचा धरा. बॉनेटखाली १५ गिझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता एका छोट्या जाळीतून हवेत टाकायची आहे! घाटात गाडीचा वेग कमी, म्हणजे वारा कमी. वर पाणी उष्णता कुठे टाकणार, तर मे महिन्याच्या ३८-४० अंशांच्या हवेत. त्यात या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मर्यादेत ठीक आहे, मर्यादा ओलांडली की मधल्या गॅस्केटची वाट लागते. हे सगळं घडत असताना चालवणाऱ्याला काय दिसतं? झोपलेला काटा. आजीचं नाक हाच आमच्या गाडीतला एकमेव चालू सेन्सर होता.

गाडी गॅरेजमधून आली आणि मी जाहीर केलं की आपण नवीन मीटर बसवायचा. आई म्हणाली, वरातीमागून घोडं. बाबा म्हणाले, "नाही."

बाबांचा विरोध मी आधी हटवादीपणा समजलो होतो. तसा तो नव्हता, म्हणून त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. त्यांचं पहिलं म्हणणं, ही गाडी आजोबांनी जशी घेतली तशी ठेवायची आहे. डॅशबोर्डला भोक पाडलं की ते भोक कायमचं. आज मीटर, उद्या म्युझिक सिस्टिम, परवा अलॉय व्हील, मग ती पद्मिनी राहत नाही, तिच्या आकाराचं काहीतरी वेगळंच उरतं. दुसरं म्हणणं, जेवढे जोड जास्त तेवढ्या गळती जास्त. तिसरं म्हणणं सगळ्यात भारी होतं : "काटा असला की माणूस रस्ता सोडून काट्याकडेच बघत बसतो."

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये हा 'जशीच्या तशी'चा आग्रह जगभर आहे आणि त्याला अर्थ आहे. आपल्याकडे २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम आले, त्यातही पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशीच अट आहे. आमची गाडी अजून त्या वयाची नाही, पण होईल. मात्र मूळ रूप म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न विचारायला हवा. हेड एकदा फेसिंगला गेलं की त्याची काही धातू गेली, ती परत येत नाही. दोन-तीनदा गेलं की ते हेड फेकायचं. मग मूळ काय राहिलं, न भोक पाडलेला पत्रा? ज्या काट्यामुळे मूळ हेड वाचतं तो काटा गाडीच्या मूळपणाचा शत्रू कसा? या मुद्द्यावर बाबा जरा गप्प झाले. शेवटी तह झाला. एकही भोक पाडायचं नाही, एकही मूळ वायर कापायची नाही, आणि उद्या मनात आलं तर अर्ध्या तासात सगळं काढून गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. मला वाटतं, जुन्या यंत्रात कुठलीही भर घालताना हीच अट असावी. बाबांनी ती घातली म्हणून माझं डिझाइन सुधारलं, हे कबूल करतो.

मीटर दोन जातींचे मिळतात. एक यांत्रिक. त्यात एक बारीक तांब्याची नळी असते, तिच्या टोकाला बल्ब, बल्बमध्ये पटकन वाफ होणारा द्रव. बल्ब तापला की आतला दाब वाढतो आणि मीटरमधली वाकडी नळी थोडी सरळ होऊन काटा फिरवते. ही वाकडी नळी म्हणजे आपल्या लॅबमधल्या प्रेशर गेजमधली बूर्दों ट्यूब, १८४९ साली पेटंट झालेली. म्हणजे हा थर्मामीटर खरं तर दाब मोजतो! त्याच्या डायलवर खालचे आकडे दाटीवाटीने आणि वरचे ऐसपैस असतात, कारण तापमान वाढतं तसा बाष्पदाब अधिकाधिक वेगाने वाढतो. आणि आपल्याला नीट वाचायचे असतात ते नेमके वरचेच आकडे. याला बॅटरी लागत नाही. किल्ली काढल्यावरही तो दाखवत राहतो, त्यामुळे इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबून तापमान आधी थोडं वरच जातं, हेही दिसतं. पण नळी दुमडली किंवा तुटली की मीटर गेला.

दुसरा इलेक्ट्रिकल. त्याच्या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो, आणि प्रवाह बदलतो तसा काटा हलतो. वायर कशीही वळवून नेता येते. आम्ही हा घेतला, कारण नळी नेण्यासाठी मधल्या पत्र्याला भोक पाडावं लागलं असतं आणि तह मोडला असता. नाना पेठेत दोन शनिवार घालवून मीटर, सेन्सर आणि ॲल्युमिनियमचा एक टी-पीस मिळाला. हा टी-पीस रेडिएटरच्या वरच्या रबरी होजमध्ये बसतो. होज मधोमध कापायचा, दोन्ही बाजूंना क्लिपा लावायच्या, टी-पीसच्या भोकात सेन्सर. होज बाजारात मिळतो, जुना जपून ठेवला की अट पाळली गेली.

बसवण्याआधी मीटर तपासायचा ठरवला. आईचं पातेलं, गॅस, लॅबमधून रीतसर अर्ज करून आणलेला काचेचा थर्मामीटर, १२ व्होल्टची बॅटरी. मदतीला ईअँडटीसीचा एक मित्र. सेन्सरच्या पितळी अंगाला बॅटरीच्या निगेटिव्हची क्लिप लावली आणि तो पाण्यात सोडला. दर १० अंशांनी नोंद. थर्मामीटरवर ७० असताना मीटरही ७०, ८० ला ७८, ९० ला ८७. पाणी खळखळ उकळायला लागलं तेव्हा थर्मामीटर म्हणाला ९८, मीटर म्हणाला ९४. मित्र म्हणाला, "थर्मामीटर बोगस आहे, १०० यायला पाहिजे. १०० लिही."

मित्रांनो, इथे मी अडखळलो. कारण 'शंभर लिही' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं आहे आणि किती वेळा म्हटलं आहे! थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की थर्मामीटर बरोबर होता. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचावर आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. म्हणजे पुण्यात पाणी ९८ लाच उकळायला हवं. १०० लिहिलं असतं तर मीटर आहे त्यापेक्षा आणखी २ अंशांनी चुकीचा ठरला असता, आणि पुढचं सगळं गणित त्या खोट्या १०० वर उभं राहिलं असतं.

ताम्हिणीच्या आधीच्याच महिन्यात आम्ही आयसी इंजिनच्या लॅबमध्ये हीट बॅलन्सचं प्रॅक्टिकल केलं होतं. इंजिनात येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान मोजायचं आणि किती उष्णता पाण्यात गेली ते काढायचं. हो, हेच ते! आमच्या बॅचने किती रीडिंग घेतली? एक. उरलेली चार मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. ग्राफ सरळ यावा म्हणून दोन आकडे 'सेट' केले. सरांनी सही केली, दहापैकी नऊ मार्क. यात फक्त आमच्या बॅचची चूक आहे असं मला वाटत नाही आणि सरांची तर नाहीच. त्यांना एका दिवशी साठ जर्नल तपासायची असतात. पण खरं सांगा, त्या रीडिंगवर कुणाचं काय अवलंबून होतं? काहीच नाही. म्हणून ती खोटी लिहिताना हात थरथरला नाही. पातेल्यातल्या रीडिंगवर बाबांचा हात अवलंबून होता. तिथे ९८ ला १०० लिहिणं जमलं नाही.

तर मीटर ९४ दाखवेल तेव्हा खरं ९८ समजायचं, असा तक्ता करून ग्लोव्ह बॉक्समध्ये चिकटवला आणि एका रविवारी मीटर बसवला. डॅशबोर्डखाली आधीच असलेल्या दोन स्क्रूंवर पट्टी लावून त्यावर मीटर, किल्लीनंतर चालू होणाऱ्या लाइनवरून फ्यूज टाकून सप्लाय. इंजिन चालू केलं. दहा मिनिटं झाली, वरच्या होजला हात लावला तर चांगला गरम, आणि काटा जागचा हलेना. सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली, काटा झटकन वर गेला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. मग सेन्सर खराब? पण काल पातेल्यात चालत होता! दोन भावी इंजिनिअर तासभर डोकं खाजवत होते.

शेवटी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमधून मिस्त्रीकाका आले. बरोबर त्यांचा पोऱ्या, वय असेल वीस. त्याने एकदा पाहिलं, वायरचा तुकडा घेऊन एक टोक टी-पीसला आणि दुसरं इंजिनाला टेकवलं. काटा डुलत वर आला. टी-पीसच्या दोन्ही बाजूंना रबर! सेन्सरला अर्थ मिळणार कुठून? पातेल्यात निगेटिव्हची क्लिप आम्हीच लावली होती आणि आम्हीच विसरलो होतो. ईअँडटीसीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझाही झाला असणार, पण तो मला दिसला नाही.

पुढचा महिनाभर मी रोजच्या नोंदी ठेवल्या. आता गंमत बघा. सकाळी सपाट रस्त्यावर काटा ६५ च्या वर जाईना. साधारण ८० ते ९० च्या दरम्यान इंजिनाने सुखात चालायला हवं, मग हे ६५ कुठून? मिस्त्रीकाकांनी थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! कुणीतरी, कधीतरी, 'गाडी गरम होते' म्हणून काढून फेकला होता. आपल्याकडे हा सर्रास चालणारा उपाय आहे. त्याने गाडी एरवी गरजेपेक्षा थंड राहते, पेट्रोल जास्त पिते, झीज वाढते आणि घाटात व्हायचं ते होतंच. दुसरी नोंद : सिग्नलला उभं असताना तापमान फारसं चढत नव्हतं, पण हायवेवर वेग वाढवला की चढत होतं. उभं असताना चढलं आणि चालल्यावर उतरलं असतं तर संशय पंख्यावर. वेगाबरोबर चढतं म्हणजे उष्णता भरपूर येतेय आणि जाळी ती टाकू शकत नाही. रेडिएटर उघडला तर खालच्या कितीतरी नळ्या गाळाने बंद. रॉडिंग करून घेतलं, नवा थर्मोस्टॅट टाकला. म्हणजे ताम्हिणीतली खरी चूक त्या दिवसाची नव्हती, कित्येक वर्षांची होती. ती दाखवणारं फक्त कुणी नव्हतं.

पण इथेही काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, हे सांगायलाच हवं. मिस्त्रीकाका जाताना म्हणाले, "इंजिनिअर, एक ध्यानात ठेव. काटा वर गेला तर गाडी थांबव. पण घाटात काटा एकदम खाली आला, तर आधी थांबव." मी विचारलं, असं का? तर सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच तो पाण्याचं तापमान सांगतो. होज फुटून पाणी गेलं की तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा निवांत खाली येतो. शिवाय आमचा टी-पीस थर्मोस्टॅटच्या पुढे आहे. उद्या थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर हेडमध्ये पाणी उकळेल आणि होजमधला सेन्सर थंडच दाखवेल. म्हणून आम्ही मूळ मीटरही दुरुस्त केला. आमच्या गाडीत त्याचा सेन्सर हेडमध्ये आहे. आता दोन काटे आहेत. थंड इंजिन चालू केलं की आधी जुना चढतो, नवा थांबून राहतो, मग थर्मोस्टॅट उघडला की नवा झपकन त्याला गाठतो. जुना चढला आणि नवा हललाच नाही, तर थर्मोस्टॅट अडकला. दोन काट्यांतल्या फरकानेच ही गोष्ट कळते. नवीन मीटर घेतला म्हणून जुना फेकून दिला असता, तर नेमकी हीच माहिती गेली असती. बाबांचा 'मूळ ते ठेवा' हा आग्रह शेवटी असा कामी आला.

कुणी म्हणेल, नव्या गाड्यांत हे सगळं आपोआप होतं, कशाला हवी ही कटकट? नव्या गाड्यांची गंमत तर ऐका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की ७५ पासून १०५ पर्यंत काहीही असलं तरी तो मधोमधच उभा राहतो. काटा जरा हलला की लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला येतात, म्हणून ही सोय. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, फार तापली की लाल दिवा, मधलं काही नाही. कॉम्प्युटरला सगळं माहीत असतं, चालवणाऱ्याला तेवढं कळवायचं नसतं. मला यात आमच्या जर्नलचा तो सरळ ग्राफ दिसतो. सामान्य गिऱ्हाइकासाठी ते ठीक असेल. पण जो माणूस उद्या यंत्र बनवणार, दुरुस्त करणार, त्याने मधोमध उभ्या असलेल्या काट्यावर समाधान मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बाबांचा तिसरा मुद्दा, की माणूस काट्याकडेच बघत बसतो? पहिला आठवडाभर खरंच तसं झालं. नंतर सवय झाली. आता घड्याळाकडे बघावं तशी नजर जाते आणि परत येते.

शेवटी एक मागणी करतो. पार्किंगच्या मागच्या शेडमध्ये आपल्या कॉलेजची एक जुनी जीप वर्षानुवर्षं उभी आहे. तिला चालू करू या. प्रत्येक बॅचने तिच्यात एक मीटर स्वतः कॅलिब्रेट करून बसवावा आणि पुढच्या बॅचने तो तपासावा. मागच्या बॅचचं रीडिंग चुकलेलं निघालं तर त्याचे मार्क वेगळे. एखादं प्रॅक्टिकल तरी असं असू दे, जिथे खोटं रीडिंग लिहिलं तर खरंच वाफ येईल!

या डिसेंबरात आम्ही पुन्हा श्रीवर्धनला गेलो. येताना ताम्हिणीच्या पायथ्याशी बाबांनी गाडी थांबवली आणि किल्ली माझ्याकडे दिली. अर्ध्या घाटात काटा ८८ वर होता, तक्त्याप्रमाणे खरे ९१. मी तसं सांगितलं. बाबांनी भाजलेला हात खिडकीत टेकवला आणि म्हणाले, "रस्त्याकडे बघ."